बेगमचा डबा

आधीच सांगून टाकते, मी भिणारी बाई नाही. आमच्या बोरीत कुणाच्या घरी भानामती झाली, कुणाच्या धोतरावर आपोआप फुल्या उमटल्या, असं कानावर आलं की गल्लीतल्या बाया कामं टाकून बघायला पळायच्या आणि मी आपली दुकानात तुरीची डाळ निवडत बसायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "गळ्यात लिंग हाय त्यानं कुणाच्या उताऱ्याला कशाला भ्यायचं?" ते डोक्यात पक्कं बसलेलं. आमच्या दुकानातून लिंबू-मिरची लय विकली गेली, पण आमच्या दाराला कधी बांधली नाही.

तुमच्या सदरातले अनुभव मी वाचते. खोटं कशाला सांगू, बऱ्याच वेळा हसते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला घुंगरू ऐकू येतात. माझ्याजवळ तसलं काही नाही. माझ्या अनुभवात एक म्हातारी मांजर आहे आणि तिचा हागायमुतायचा डबा. आता तुम्ही हसा.

बोरी म्हणजे परभणीहून जिंतूरला जाताना लागणारं मोठं गाव. आमचं घर शाळेच्या समोर. पुढं किराणा दुकान, मागं स्वयंपाकघर, मधे अंधारा बोळ. दुकान माझ्या मिस्टरांचं. त्यांना सगळा गाव अप्पा म्हणायचा, मग मी पण अप्पाच म्हणायला लागले. पंधरा वर्षांमागं साखरेच्या पोत्यात उंदीर झाले म्हणून अप्पांनी कुणाकडून तरी मुठीएवढं पिल्लू आणलं. उंदीर तिनं फार नाही मारले. पण तिसऱ्या दिवशी गल्ल्याशेजारी गादीवर जी चढून बसली, ती बसलीच. गिऱ्हाईक आलं तरी डोळा उघडायची नाही. अप्पा म्हणाले, "ही काय मांजर हाय? ही बेगम हाय." तेच नाव पडलं.

दहा वाजता शाळेची घंटा व्हायची, अप्पा शटर वर करायचे, आणि बेगम गादीच्या कोपऱ्यात. अंग चोरून, मधली सगळी जागा अप्पांना सोडून. एक वाजता अप्पा जेवायला उठले की ही पण उठायची. ह्यात एका दिवसाचा खाडा नाही. आजारपणात अप्पांना ताप असला तर मी म्हणायची, आज नका बसू. ते म्हणायचे, "बेगम ड्युटीवर गेली, आता मी कसा घरी राहू?"

तिला तेरावं-चौदावं लागलं तसे तिचे मागचे पाय धरायला लागले. परसाची भिंत चढवेना. तेव्हा अप्पांनी तेलाचे पंधरा किलोवाले दोन डबे उभे कापले, जोडून त्यांचा एक पसरट डबा केला, आणि पत्र्याची धार तिला लागू नये म्हणून काठ चारी बाजूंनी आत दुमडून ठोकून काढले. चांगला दिवसभर ठोकत बसले होते. मी म्हणाले, "माझ्यासाठी एवढं कधी केलं नाही." तर म्हणाले, "तू अजून भिंत चढतीस की."

त्या डब्यात शेतातली माती. आमचा सालगडी बाबाराव, वीस वर्षांपासून आमच्याकडं आहे, तो नाल्याकाठची मोकळी माती गोणीत भरून आणायचा. अप्पा गव्हाच्या चाळणीनं ती चाळायचे, खडे वेचायचे आणि डबा बोळात ठेवायचे. बेगम गुणाची. दोन वर्षांत एकदा पण डब्याबाहेर थेंब नाही.

मग आषाढात अप्पा गेले. हृदयाचं होतं. दुपारी गादीवरच.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. खड्डा घेऊन, बसवून, विभूती, मीठ, बेलाची पानं घालून माती देतात. अप्पांना आमच्याच शेतात माती दिली. दुकान बंद झालं, गादी तेवढी तशीच ठेवली. माझी एकच मुलगी, शिल्पा, संभाजीनगरला असते, फ्लॅटमध्ये. ती म्हणाली, आई, एकटी राहू नको, माझ्याकडं चल. तिच्या सोसायटीत मांजर चालत नाही. मी म्हणाले, "बेगमला कुठं टाकू? ती आहे तोवर मी इथंच. नंतर तू म्हणशील तिथं येते." तिनं पण कबूल केलं. तेव्हा तुमच्या लक्षात येईल... बेगम होती म्हणून माझं घर होतं. ज्या दिवशी ती जाणार त्या दिवशी माझं घर पण जाणार. तिला जपणं म्हणजे मी मलाच जपत होते.

दहा महिने नीट गेले. नंतर वैशाखात हे सुरू झालं.

बाबारावनं मातीची नवी गोणी आणून टाकली. अप्पा नाहीत म्हणून आता चाळायचं काम माझं. बोळात बसून दोनदा चाळली, एकेक खडा वेचला, कोपरापर्यंत हात मातीनं भरले. डबा भरला, हात धुतले, आणि बेगमला म्हणाले, "घ्या बेगमसाहेब, नवी गादी."

ती आली. वास घेतला. डब्याच्या काठावर पुढचे दोन पाय ठेवून किती तरी वेळ नुसती उभी राहिली. ओरडली नाही, काही नाही. मग वळून गेली आणि माझ्या अंथरुणावर मुतली.

मला वाटलं, होतं एखादे वेळी. पण दुसऱ्या दिवशी सोफ्यामागं. तिसऱ्या दिवशी पायपुसणीवर. मग भाकरीच्या पाटीशेजारी. पंधरा वर्षांची माझी शहाणी मांजर आणि घरभर वास! तिची माती बिघडली असेल म्हणून मी डब्यातली काढून नालीत टाकली, गोणीतली दुसरी चाळून भरली. तेच. डबा सोडून सगळीकडं.

आणि दिवसा त्याच डब्यात जाऊन बसायची.

हे मला आठ-दहा दिवसांनी नीट कळलं. समोर दहाची घंटा झाली की बेगम लंगडत बोळात यायची, डब्यात चढायची आणि कोपऱ्यात बसायची. अंग चोरून. मधली माती मोकळी ठेवून. एकला उठून स्वयंपाकघरात यायची. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, घंटा बंद झाली, तरी तिची वेळ चुकली नाही. बाबाराव एकदा दूध द्यायला आला, तर म्हणतो, "काकू, बेगम हागायच्या डब्यातच बसायली की. म्हातारपणात डोकं फिरायलंय वाटतं तिचं." मी म्हणाले, "फिरू दे. तुझं नाही का फिरत पंचमीला झोका बघून?" तो हसला, मी पण हसले. तेव्हा हसू येत होतं.

तिचं वजन उतरायला लागलं तसं हसू गेलं. परभणीला जनावरांचे एक चांगले डॉक्टर आहेत असं कळलं. बिस्किटाच्या खोक्याला भोकं पाडून तिला त्यात घातलं आणि एसटीत बसले. कंडक्टर म्हणे, "काकू, खोक्यात काय?"

"बेगम."

"बेगमला फुल का हाफ?"

सगळी बस हसली. वाटेतलं झरी गाव यायच्या आत खोका ओला. म्हणजे बघा, खोका चालत होता, अंथरूण चालत होतं, डबा तेवढा चालत नव्हता.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं केलं. म्हणाले, "मांजर डब्यात बसून राहतं तेव्हा बहुतेक लघवी अडकलेली असते, खडा असतो. पण हिला खडा नाही. किडनी चांगली, साखर नाही. पंधरा वर्षांच्या मांजराचे इतके चांगले रिपोर्ट कमी बघायला मिळतात, काकू."

"मग अंथरुणावर का करते?"

"वय झालं. विसरत असेल."

"ती विसरत नाही हो डॉक्टर. दहा वाजलेले तिला माझ्या आधी कळतात."

ते चांगले होते बिचारे, हसले नाहीत. टॉनिक दिलं. डब्यातली माती बदलून बघा, बाजारात मांजराची वाळू मिळते, असं पण म्हणाले. मी मनात म्हणाले, माती काय विकत आणायची असते का.

आषाढ जवळ आला. अप्पांचं वर्षाचं पुण्यस्मरण. त्याच्या आधी शेतात समाधीचा ओटा बांधून झाला होता, फरशी बसली होती. स्वामींना सांगून झालं, पाहुण्यांना फोन झाले. चार दिवस आधी पिंगळीच्या वन्सं आल्या, म्हणजे माझ्या नणंद. त्यांनी उंबऱ्यातच नाकाला पदर लावला.

"वैनी, घरात मांजर ठेवलंय का मुतारी?"

"म्हातारी झाली वन्सं. कळत नाही तिला."

"तिला कळंना, तुमाला कळायलंय ना? चार दिवसांनी ह्या घरात स्वामी येणार, त्यांचे पाय धुऊन पादोदक घ्यायचं. अप्पा असते तर असं चाललं असतं?"

अप्पांचं नाव घेतलं आणि मला ते लागलं. त्याच दुपारी बेगमनं पुण्यस्मरणासाठी काढून ठेवलेल्या नव्या चादरीवर केलं. माझ्या हातात झाडू होता. मी तिला मारलं. दोनदा. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. ती पळू पण शकली नाही, पायच चालत नव्हते तिचे. सरकत सरकत बोळात गेली आणि डब्यात चढून बसली, वेळ नव्हती तरी. मला अजून राग आला. म्हणाले, बसायला डबा पाहिजे आणि मुतायला चादर?

शिल्पा आदल्या दिवशी आली, येताना त्या वाळूची पिशवी घेऊन आली. पांढरे पांढरे खडे, साबणासारखा वास. मी बेगमला उचलून खाली ठेवलं. डब्यातली सगळी माती, गोणीत उरलेली सगळी, घंटागाडी आली तेव्हा तिच्यात ओतली. गाडीवाला म्हणाला, "काकू, मातीला गाडीत घेत न्हाईत." मी म्हणाले, "घे रे बाबा, मांजराची घाण आहे." मग डबा फिनाईलनं धुतला. घासून घासून धुतला, काठाच्या घडीतली माती काडी घालून काढली. बेगम बोळात बसून बघत होती. गाडी वळली तेव्हा ती दारापर्यंत आली, आणि तिथंच बसली.

नवी वाळू भरली. आणि काय सांगू तुम्हाला... संध्याकाळी बेगम गेली, डब्यात बसली, व्यवस्थित उकरलं, केलं, झाकलं. जशी दोन वर्षं करत होती तशी. शिल्पा टाळ्या वाजवायला लागली. "बघ! वाळूचाच प्रॉब्लेम होता. उगाच दोन महिने माती-माती करत बसलीस." वन्सं पण म्हणाल्या, "सुटला बाई वास." मला तर इतका आनंद झाला की रडू आलं. वाटलं, आता अजून दोन-तीन वर्षं ही जगते, आणि मी पण माझ्या घरात राहते. दुसऱ्या दिवशी पुण्यस्मरण छान झालं. घरात उदबत्तीचा वास. लोक जेवून गेले.

बेगम दहा वाजता डब्याकडं गेली नाही. पाहुण्यांच्या गडबडीत माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की दूध पण तसंच आहे.

नंतर नऊ दिवस ती फक्त एवढंच करायची: गरज पडली की डब्यात जायची, स्वच्छ करून यायची, आणि दाराशी जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसायची. जिथून घंटागाडी वळते तिकडं. दूध, मलई, उकडलेलं अंडं, हातानं भरवलं, बोटानं चाटवलं... तोंड फिरवायची. परभणीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, घेऊन या, सलाइन लावू. घेऊन गेले. लावलं. पुन्हा रिपोर्ट काढले. पुन्हा चांगले. "काकू, मला ह्यात काहीच दिसत नाही," म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी, साडेनऊ-पावणेदहा असतील, ती दाराशी आडवी पडलेली होती. डोळे उघडे. घंटा व्हायच्या आत गेली.

बाबारावला बोलावलं. तो फावडं घेऊन आला, तिला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं.

"कुठं पुरू काकू?"

"शेतात कुठं पण पूर. सावली बघून."

"अप्पाच्या ओट्यामागं घेतो खड्डा. तिथली माती मऊ हाय. तुमच्या डब्याला बी उन्हाळ्यात तिथलीच दिली होती की."

मला आधी समजलंच नाही. "कुठली दिली होतीस?"

"ओट्याचा पाया घेतला तवा निघाली न्हाई का ढीगभर? नाल्याकडं जेसीबी चालू होता, तिकडं समदे दगडगोटे. म्हणलं ही चांगली मोकळी हाय, चाळायला काकूला तरास न्हाई." माझं तोंड बघून तो थांबला. "काय झालं? अप्पाचीच तर मांजर होती. अप्पाला काय राग यायचाय?"

बाबारावचा दोष नाही. त्यांच्यात जाळतात, राख नदीला सोडतात, उरल्या मातीचं काय असतं हे त्याला कुठून ठाऊक? आमच्यात समाधीच्या ओट्याला चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला लावतात. ती माती... मी मांजराच्या डब्यात भरली. नालीत टाकली. घाण म्हणून गाडीत दिली. आणि बेगमनं दोन महिने तिच्यात एक थेंब पडू दिला नाही. माझा झाडू खाल्ला, तरी पडू दिला नाही.

दुपारी मी गावाबाहेर जिथं घंटागाडी रिकामी होते तिथं चालत गेले. सगळ्या बोरीचा उकिरडा. वर पाऊस पडून गेलेला. थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. घरी येऊन डब्याच्या दुमडलेल्या काठात पिन घालून बघितलं. काही नव्हतं. मीच धुतला होता ना, घासून.

डॉक्टरांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, मांजराचं नाक फार तेज असतं, मिठाचा, विभूतीचा वास आला असेल. पण मीठ, विभूती, बेल सगळं खाली, अप्पांजवळ. ओट्याच्या पायाची माती वरची, हात-दीड हात खोल. तिच्यावर अख्खा पावसाळा पडून गेलेला. आणि धरून चालू, आला वास. वासानं हे पण कळतं का, की दहाला बसायचं आणि एकला उठायचं? मधली जागा सोडायची हे कसं कळलं? शिल्पा म्हणते, योगायोग आहे आई. असेल. बोरीत मी कुणाला बोलले नाही, वन्संना तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय, शिल्पाच्या मुलीनं मोबाईलवर मराठी टाकून दिलं म्हणून.

कबूल केल्याप्रमाणे मी आता इथं आहे, चौथ्या मजल्यावर. घराला कुलूप आहे. कुणाला ह्याचा अर्थ लागला तर कळवा, पण माझं समाधान होईल असं वाटत नाही. बेगमला कसं कळलं, हा प्रश्न मला आता तेवढा छळत नाही. मला मी छळते. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. ती गोणी मी माझ्या हातानं चाळली, एकेक खडा बोटांनी वेचला, कोपरापर्यंत हात त्या मातीत होते. माझ्या हातांना काहीच कळलं नाही. चाळून झाल्यावर मी ते साबणानं धुतले.